रातांबा आंबट कशानं?



गळीत हंगाम आटोपला की आपल्यातली पुष्कळ मंडळी मुलाबाळांना घेऊन अलिबागच्या समुद्राकडे निघतात. वाटेत पेणला पापड आणि कोकम सरबताची बाटली घेणं ठरलेलं. तिथून रोह्याकडे वळलं, तर मे महिन्यात परसातल्या झाडाखाली लालजांभळ्या रातांब्यांचा सडा दिसतो. आम्हीही यंदा एक बाटली घेतली.

हे फळ आंबट कशानं? चिंचेत टार्टारिक आम्ल, लिंबात सायट्रिक. इथंही त्यातलंच काही असेल, असं शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं वाटे. चूक कशी झाली, ते ऊसवाल्याला चटकन समजेल. ब्रिक्स काढला की रसात विरघळलेलं सगळं मिळून किती ते कळतं. त्यात साखर किती, यासाठी पोल काढावा लागतो. आंबटपणाचंही तसंच. कॉस्टिक सोड्याचं द्रावण थेंबाथेंबानं सोडून एकूण आम्ल मोजता येतं, पण आम्ल कोणतं ते कळत नाही. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ साली कोकमाच्या मलबारी भावंडात, म्हणजे कुडमपुळीत, निराळंच आम्ल असल्याचं दाखवलं: हायड्रॉक्सिसायट्रिक. कोकमातही मुख्य आम्ल तेच निघालं, सालीत शेकडा दहाच्या वर.

शरीरात साखरेची चरबी होताना लागणाऱ्या एका एन्झाइमला हे आम्ल अडवतं, असं १९६९ साली अमेरिकेत दिसून आलं. झालं! वजन उतरवणाऱ्या गोळ्या निघाल्या. पुढं १९९८ साली तिथंच १३५ माणसांवरच्या १२ आठवड्यांच्या चाचणीचा निकाल आला. रोज दीड ग्रॅम आम्ल घेणारे आणि नुसती खोटी गोळी घेणारे, यांच्या वजनात धरण्याजोगा फरक नव्हता. अशा गोळ्यांनंतर काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. उसाच्या बिलाचे पैसे त्यात घालवू नयेत, हे आमचं स्पष्ट मत. आमटीत आमसूल जरूर घाला.

रंगाची परीक्षा मात्र घरी होते. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन जातीचा. आम्ल मेलं की तो बदलतो. पाणी घातलेल्या सरबतात फेस यायचा थांबेपर्यंत चिमूटचिमूट खायचा सोडा टाकावा. रंग निळसर-काळपट झाला तर कोकमाचा. लालभडकच राहिला तर वरून घातलेला.

आमची पेणची बाटली खरी निघाली. तिच्यात निम्म्याहून जास्त वजन साखरेचं. ती कोणत्या कारखान्याची, ते काही सोड्यानं कळलं नाही.