दोनदा हरवलेली सिंथिया

मुलांनो, जत्रेत आईचा हात सुटला तर कसं होतं, ठाऊक आहे ना? सिंथिया ॲन पार्कर अशीच आपल्या माणसांपासून तुटली. तीही एकदा नव्हे, दोनदा!

अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये, गोऱ्यांच्या वस्तीच्या अगदी कडेला पार्कर घराण्याचा किल्ला होता. किल्ला म्हटल्यावर रायगड डोळ्यांसमोर आणू नका हं. उंच लाकडी कुंपणाच्या आत बांधलेली थोडी घरं, एवढाच तो किल्ला. पलीकडच्या माळरानावर कोमांची आणि त्यांचे दोस्त कायोवा बायसनच्या कळपांमागे फिरत. (आपल्याकडे यांना सरसकट ‘रेड इंडियन’ म्हणतात. पण इंडियाशी त्यांचा काय संबंध? ते तिथले मूळ रहिवासी.) गोऱ्यांची शेतं माळात पुढे पुढे सरकू लागली आणि वैर पेटलं. १९ मे १८३६ रोजी किल्ल्यावर हल्ला झाला. सिंथियाचे वडील आणि आजोबा मारले गेले. तिला आणि तिच्या धाकट्या भावाला पळवून नेलं. सिंथिया तेव्हा जेमतेम नऊ-दहा वर्षांची होती.

भाऊ काही वर्षांनी परत मिळाला. सिंथिया मात्र एका कोमांची कुटुंबात लेकीसारखी वाढली. तिचं नाव पडलं नदुआ. गोऱ्यांनी पैसे देऊन तिला परत मागितलं, तेव्हा कोमांचींनी साफ नकार दिला. पुढे पीटा नकोना नावाच्या म्होरक्याशी तिचं लग्न झालं. क्वाना आणि पेकोस हे मुलगे झाले, मग टॉपसॅना ही मुलगी. इंग्रजी ती जवळपास विसरूनच गेली.

डिसेंबर १८६० मध्ये पीझ नदीकाठच्या कोमांची तळावर टेक्सासच्या सैनिकांनी छापा घातला. पकडलेल्या एका बाईचे डोळे निळे निघाले! कडेवर तान्ही टॉपसॅना. काका ओळख पटवायला आले. ‘सिंथिया ॲन’ हे नाव ऐकताच तिनं आपल्या छातीवर हात मारला, असं सांगतात.

“सुटका झाली!” म्हणून सगळीकडे आनंद झाला. सरकारनं तिला जमीन दिली, वर्षाला १०० डॉलर मंजूर केले. पण तिला काय हवं होतं, हे कोणी विचारलं का? त्या दिवसांतला तिचा फोटो आजही पाहायला मिळतो. मांडीवर लेक आणि केस आखूड कापलेले. आपलं माणूस गेलं की कोमांची बायका केस कापत, बरं का! ती पुन्हा पुन्हा पळून जायला बघायची आणि नातेवाईक तिला पकडून आणायचे. नवरा आणि दोन्ही मुलगे तिला पुन्हा कधीच दिसले नाहीत. काही वर्षांतच टॉपसॅना आजारानं गेली. १८७० च्या सुमारास सिंथियाही गेली.

इकडे क्वाना मोठा लढवय्या झाला होता. कोमांची आणि कायोवा मिळून गोऱ्या सैन्याशी झुंजत होते. पण बायसन संपत आले, उपासमार सुरू झाली. जून १८७५ मध्ये क्वानानं आपल्या लोकांसह शस्त्रं खाली ठेवली. आणि मग त्यानं काय केलं असेल? ज्यांच्याशी लढला, त्यांचंच आडनाव लावलं. क्वाना पार्कर! कारण ते आईचं होतं. घरात त्यानं तिची तसबीर लावली. १९१० मध्ये तिचे अवशेष टेक्सासहून ओक्लाहोमात, आपल्या घराजवळ आणून पुरले.

अवघ्या काही आठवड्यांनी, फेब्रुवारी १९११ मध्ये, क्वानाही गेला. त्याला आईच्या शेजारीच पुरलं.