ग्रामपंचायतीची रिकामी जागा आणि पोडावरचा माणूस



पाच वर्षांनी येणारी ग्रामपंचायतीची निवडणूक सर्वांना ठाऊक असते. मधल्या काळात एखादी जागा रिकामी झाली, तर ती भरायला पोटनिवडणूक होते. तिची मात्र फारशी चर्चा होत नाही. पण या रिकाम्या जागांची संख्या लहान नाही. 2,620 ग्रामपंचायतींतील 3,666 सदस्यपदे आणि 126 थेट सरपंचपदे भरण्यासाठी राज्य निवडणूक आयोगाने 18 मे 2023 रोजी मतदान ठेवले होते. यवतमाळ जिल्ह्यात आपण ज्या कोलाम, गोंड, परधान व आंध कुटुंबांत काम करतो, त्यांचा या विषयाशी जवळचा संबंध आहे.

जागा रिकामी का होते?

मृत्यू किंवा राजीनामा ही कारणे सर्वांना समजतात. पण पुष्कळ जागा कागदापायी जातात. निवडणूक खर्चाचा हिशेब 30 दिवसांत दिला नाही, तर सदस्य अपात्र ठरू शकतो. हा हिशेब बिनविरोध निवडून आलेल्यालाही द्यावा लागतो. रजा न घेता सलग सहा महिने सभांना गैरहजर राहिल्यास पद जाते. मजुरीसाठी गाव सोडणाऱ्या सदस्याने हे लक्षात ठेवावे. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे अपत्य झाले, तरी अपात्रता येते. सरकारी जागेवरील अतिक्रमणाचेही तसेच आहे. घर कुटुंबातील दुसऱ्याने बांधले असले आणि सदस्य त्यात राहत असला, तरी तो अपात्र ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये म्हटले आहे.

राखीव जागेवर सर्वात मोठी अडचण जात वैधता प्रमाणपत्राची. अर्ज भरताना तपासणी समितीकडे प्रकरण दाखल केल्याची पावती आणि हमीपत्र चालते. मात्र निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत वैधता प्रमाणपत्र द्यावेच लागते. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, पुढे ती बारा महिने झाली. प्रमाणपत्र आले नाही, तर निवड रद्द होते. त्या माणसाने काम चांगले केले की वाईट, हा प्रश्न तिथे येत नाही.

समिती 1950 पूर्वीचा पुरावा पाहते. आजोबांचा शाळेचा दाखल-खारीज उतारा, कोतवाल पंजीतील जन्ममृत्यूची नोंद, जमिनीचे जुने कागद असे पुरावे चालतात. ज्या कोलाम आजोबांनी शाळा पाहिली नाही आणि ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, त्यांच्या नातवाकडे यातले काय असणार? बहुधा कोतवाल पंजीतली एखादी ओळ, तीही शोधावी लागते. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातील कोणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल, तर मोठा आधार मिळतो.

जागा कशी भरली जाते?

जागा रिकामी झाल्याची माहिती ग्रामपंचायतीकडून तहसील व जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जाते. तारखा राज्य निवडणूक आयोग ठरवतो आणि तहसीलदार सूचना काढतात. मग अर्ज, छाननी, माघार, चिन्हवाटप, मतदान आणि मोजणी हा क्रम नेहमीसारखाच असतो. सदस्याची जागा असेल तर फक्त त्या प्रभागाचे मतदार मत देतात, थेट सरपंचाची असेल तर सारे गाव.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. निवडून आलेल्याला नवी पाच वर्षे मिळत नाहीत, उरलेला काळच मिळतो. आणि जागेचे आरक्षण बदलत नाही. अनुसूचित जमातीच्या स्त्रीसाठी राखीव जागा पोटनिवडणुकीतही तशीच राहते.

कोणीच अर्ज केला नाही तर?

मग ती जागा पुन्हा रिकामीच राहते. पंचायतीचे काम थांबत नाही, उरलेले सदस्य ठराव करत राहतात. म्हणून तर हे नुकसान कोणाच्या नजरेस येत नाही. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या भागांतील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे 1996 च्या पेसा कायद्यामुळे किमान निम्म्या जागा आणि सरपंचपद अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे. अशा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधीही थेट मिळतो. तो पैसा पोडाच्या विहिरीवर खर्च होतो की गावठाणातल्या रस्त्यावर, हे ठरताना पोडाच्या बाजूने बोलणारा माणूस सभेत हवा. कायद्याने दिलेली खुर्ची रिकामी राहिली, तर ते बोलणे दुसऱ्याच्या मर्जीवर जाते.

आपण काय करू शकतो?

कोणाला मत द्यावे हे सांगणे आपले काम नाही. कागदांना मदत करणे मात्र आपले काम आहे. आपल्या मंडळीत शिक्षक आहेत, कार्यालयांत नोकरी केलेले आहेत, संगणक जाणणारे तरुण आहेत. त्यांनी पुढील कामे वाटून घ्यावीत.

1. निवडणुकीची वाट न पाहता जुन्या नोंदी शोधून त्यांच्या नकला काढणे आणि कुटुंबाची वंशावळ लिहून ठेवणे.
2. वैधतेचा अर्ज दाखल झाल्यावर समितीच्या पत्रांकडे व सुनावणीच्या तारखेकडे लक्ष ठेवणे. पत्र पोडापर्यंत पोचलेच नाही, तर सुनावणी चुकते.
3. 21 वर्षे पूर्ण आहेत का, मतदार यादीत नाव आहे का, हे पाहणे. 1 जानेवारी 1995 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे, तेव्हा शाळेचा दाखलाही हाताशी ठेवावा.
4. निवडणूक झाल्यावर, जिंकलेल्याला आणि हरलेल्यालाही, खर्चाचा हिशेब वेळेत द्यायची आठवण करणे.

पोटनिवडणुकीचा कार्यक्रम लागला की अर्जासाठी थोडेच दिवस मिळतात. तेवढ्यात 1950 पूर्वीची नोंद सापडत नसते. म्हणून ज्या पोडावर आपले जाणेयेणे आहे, तिथे या तिमाहीत निदान एका कुटुंबाची कागदांची पिशवी उघडून पाहावी आणि काय आहे, काय नाही, याची यादी करावी.