बासरीला खुंटी नसते

पहाटे पाच. तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून पांढरी तीन पट्टीची लांब बासरी घ्यायची आणि सहाही भोकं बंद करून मंद्र पंचम नुसता धरायचा. झोपेतून उठलेले ओठ सैल असतात. सुरापेक्षा हवाच जास्त. अर्ध्या तासाने आवाज भरू लागतो. भोकं इतकी लांब की बोटांची टोकं पुरत नाहीत, पेरांनी झाकावी लागतात. एवढी मोठी बासरी मैफलीत रुजवली पन्नालाल घोषांनी. आमची बोटं तेव्हापासून ताणलेलीच आहेत.

सात. अमेरिकेतली विद्यार्थिनी, तिच्याकडे रात्र. इंटरनेटवर आवाज उशिरा पोचतो, म्हणून सोबत वाजवणं बाद. तानपुरा तिच्याकडे लावायचा आणि मी ऐकायचं. अर्ध्या भोकाचा शुद्ध मध्यम चढतोय. "बोट जरा जास्त आण गं."

दहा. पांढरी सहाच्या बासरीला चीर गेलीय. कोरडी हवा, त्यात एसी, बांबू तडकतोच. चिरेत फेविक्विक सोडून वर दोरा घट्ट गुंडाळला आणि ती घरीच ठेवली. मोठ्या बासरीला आसामकडचा लांब पेरांचा, पातळ सालीचा बांबू लागतो. मनासारखी बासरी सहज मिळत नाही, म्हणून असली डागडुजी.

जेवण हलकं. भरल्या पोटी दम पुरत नाही.

दोन. स्टुडिओ. मालिकेच्या गाण्यात दोन छोटे पीस वाजवायचेत. एसी इतका गार की पहिला सूर उतरलेलाच लागतो: हवा थंड तर त्यातून आवाज हळू जातो. सतारीची खुंटी पिळता येते, इथे सगळं ओठांवर. बासरी किंचित बाहेर फिरवली की सूर चढतो, पण आवाज पसरट होतो. त्यापेक्षा टेकच्या आधी ती फुंकून गरम ठेवायची. "दादा, जरा फील कमी पडतोय," काचेपलीकडून आवाज येतो. फील म्हणजे बहुधा मींड. वाढवली, ओके झालं. असल्या कामाला नाकं मुरडणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, 'बसंत' (1942) या सिनेमाला संगीतकार म्हणून नाव पन्नालालबाबूंचंच आहे.

पाच ते सात, ट्रॅफिक.

साडेसात. भावगीतांचा कार्यक्रम. गायिकाताईंचा घसा बसलाय. "काळी पाच नको, पांढरी सहा घेऊ या." हार्मोनियमवाल्याने पट्टी सरकवली, सुटला. माझी पांढरी सहा घरी दोऱ्यात! मग पांढरी तीनवरच मध्यमाला षड्ज मानलं. हिशेब बरोबर बसतो, पण 'सा'च अर्ध्या भोकावर येतो, आणि प्रत्येक ओळ तर तिथेच येऊन थांबते. मधल्या सुरावटींत निभतं. लांब 'सा'वर बोट तसूभरही हलवायची सोय नाही. पहिली दोन गाणी मी हार्मोनियमकडे कान लावून वाजवली.

रात्री अकरा. पडदा पडल्यावर एक आजोबा पिशवीपाशी आले. आठ वर्षांच्या नातवाला अशीच बासरी हवी होती. म्हटलं, "ही नको काका, बोटं पोचणार नाहीत. लहान घ्या, पण जत्रेतली नको. वाजवून, पेटीशी सूर जुळवून घ्या."