स्मृतीचे मोल

दसऱ्याच्या सायंकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार अवतरते, तेव्हा गर्दीच्या माना वळतात. परंतु माना वळणे निराळे आणि पदरमोड करून अशी मोटार सांभाळणे निराळे. १९७१ साली तनखे बंद झाल्यावर अनेक संस्थानी मोटारी संग्राहकांकडे गेल्या. त्यांचा रुबाब लहानपणी पाहिलेली ती पिढी आता मावळत आहे. तापलेल्या रेडिएटरला विसावा देत जे वडिलांच्या फियाटमधून पन्हाळ्याचा घाट चढले, त्यांचे मन फियाटमध्येच गुंतणार. त्यांच्या मुलांचे १९८३ साली आलेल्या मारुतीमध्ये. या बाजारात किंमत पोलादापेक्षा बालपणाची अधिक असते.

रुचिपालटाचा शोक करण्याचे कारण नाही. चिंता कारागिरीची आहे. दुर्मिळ मोटारीचा सुटा भाग मिळत नाही. तो लेथवर घडवावा लागतो. ही विद्या कोल्हापूरच्या उद्यमनगराला परकी नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांवरील मोटारींना स्वतंत्र नोंदणी दिली; पण नोंदणीने इंजिन सुरू होत नाही. २०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारसा ठरला. दगडाचा वारसा जागीच उभा राहतो. यंत्राचा मात्र हातांतून हातांत जातो. तो दुवा तुटल्यास पुढील पिढीला मोटारी लाभतील, पण त्या घाट चढणार नाहीत.