आर्नोच्या काठाकाठानें

फ्लॉरेन्स म्हटलें कीं चित्रशाळा आणि ख्रिस्तमंदिरें डोळ्यांपुढें उभीं राहतात. पण या नगरीचा खरा स्वभाव ओळखावयाचा असेल, तर एक सबंध दिवस आर्नो नदीच्या काठानें, प्रवाहाच्या दिशेनें, पायीं चालावें. वाट फार नाहीं, दोन-सव्वादोन कोसांची. मात्र एवढ्या वाटेंत नदीनें व मनुष्यानें या नगरीवर कोणते आघात केले आणि तिनें ते कसे सोसले, याची सारी बखर वाचावयास मिळते.

आरंभ दक्षिण तीरावरील सान निकोलोच्या बुरुजापासून करावा. १३२४ सालच्या या बुरुजामागून चढत जाणाऱ्या वाटा मिकेलान्जेलो चौकांत पोहोंचतात. १८६५ ते १८७१ पर्यंत फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती. त्या काळांत, १८६९ मध्यें, जुझेप्पे पोज्जी या स्थापत्यविशारदानें हा चौक योजिला. येथून सारें नगर तळहातावरील रेषांप्रमाणें दिसतें. मध्यभागीं ब्रुनेलेस्कीचा तांबूस घुमट उठून दिसतो. १४२० ते १४३६ या सोळा वर्षांत, जमिनीपासून आधाराचा लांकडी सांगाडा न उभारतां, त्यानें तो चढविला. घुमटाच्या अलीकडे नदी, व तिजवर एकामागून एक पूल.

खालीं उतरून ग्रात्सिये पुलावरून उत्तर तीरास यावें. जवळच सान्ता क्रोचे हें ख्रिस्तमंदिर व राष्ट्रीय ग्रंथालय आहे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं आर्नो या दोहोंत शिरली. चिमाब्वेनें रंगविलेल्या प्राचीन क्रुसाचा बराचसा रंग पाण्यानें धुवून नेला, आणि ग्रंथालयांतील लक्षावधि ग्रंथ चिखलानें माखले. तेव्हां देशोदेशींचे तरुण धांवून आले. रांगा लावून, हातोहातीं देत, त्यांनीं ते ग्रंथ वर काढिले. लोक त्यांना ‘चिखलांतले देवदूत’ म्हणूं लागले.

पुढें उफ्फीत्सीच्या कमानींखालून जातां ‘पोन्ते वेक्यो’, म्हणजे जुना पूल, लागतो. १३३३ च्या महापुरांत आधींचा पूल वाहून गेल्यावर १३४५ मध्यें हा बांधला. त्याच्या तीन कमानी अर्धवर्तुळाहून चपट्या आहेत. त्यामुळें खांब थोडे लागले व पुराच्या पाण्यास वाट मोकळी राहिली. पुलावर पूर्वीं खाटकांचीं दुकानें होतीं. १५९३ सालीं त्यांना उठवून सोनारांस जागा दिली. दुकानांच्या माथ्यावरून वसारीनें १५६५ मध्यें राजघराण्यासाठीं बांधलेला झांकलेला मार्ग जातो.

ऑगस्ट १९४४ मध्यें माघार घेतांना जर्मन सैन्यानें नगरींतील हा एक सोडून बाकीचे सर्व पूल उडविले. मग प्रश्न पडला: गेलेलें जसेंच्या तसें उभारावें, कीं नव्या काळास शोभेसें नवें बांधावें? नगरीनें दोन्ही उत्तरें दिलीं. मघां ओलांडलेला ग्रात्सिये पूल नव्या घडणीचा आहे. पुढील सान्ता त्रिनिता पूल मात्र, अम्मान्नातीनें १५६७ ते १५६९ मध्यें रचिला होता तसाच, नदीच्या तळांतून वेंचलेले दगड वापरून १९५८ पर्यंत पुन्हां उभा केला. त्यावरील चार ऋतूंच्या पुतळ्यांपैकीं वसंताचें शिर तेवढें सांपडेना. तें १९६१ मध्यें नदीच्या पात्रांत मिळालें व पुन्हां धडावर बसविलें. सायंकाळीं याच पुलावर उभें राहून जुन्या पुलाकडे पाहावें. त्याहून सुंदर देखावा या काठावर नाहीं.

येथून पश्चिमेस चालत गेल्यास कास्चिने नांवाचें विस्तीर्ण उपवन लागतें. त्याच्या अखेरीस मुन्योने ही लहान नदी आर्नोला मिळते, आणि महाराष्ट्रीय प्रवाशाचीं पावलें तेथें आपोआप थांबतात. करवीरचे तरुण छत्रपति राजाराम महाराज विलायतचा प्रवास आटोपून परततांना, ३० नोव्हेंबर १८७० रोजीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं फ्लॉरेन्समध्यें निवर्तले. या भूमीस दहनविधि अपरिचित. तरी नगराधिकाऱ्यांनीं परवानगी दिली, आणि या संगमावर चिता रचली गेली. १८७४ मध्यें तेथें छत्री उभारून तिच्याखालीं महाराजांचा अर्धपुतळा बसविला. १९७८ मध्यें पूर्ण झालेल्या शेजारच्या पुलाचें नांवही ‘इंडियानो’, म्हणजे हिंदवासीयाचा पूल, असें पडलें आहे.

परक्या राजाची आठवण दीडशें वर्षें जपणाऱ्या नगरीनें आपल्या पुलाचे दगड तळांतून वेंचून काढावे, यांत नवल तें काय!