ठिणगीचा हिशेब

पौष-माघाच्या कोरड्या थंडीत पॉलिएस्टरच्या साड्यांच्या घड्या उलगडताना चटचट आवाज येतो आणि अंधार असेल तर बारीक ठिणग्याही दिसतात. दुकानाच्या लोखंडी कपाटाला हात लावताच बोटाला चटका बसतो. या नित्याच्या अनुभवामागे जी विद्युत आहे तिला स्थितिक विद्युत म्हणतात. पेट्रोल, थिनर, स्पिरिट यांचा व्यवहार करणाऱ्यांनी तिचे स्वरूप जाणून घेणे विशेष अगत्याचे आहे. कारण हीच ठिणगी तेथे आग लावू शकते.

जमा आणि नावे

प्रत्येक पदार्थ अणूंचा बनलेला आहे. अणूच्या केंद्रातील प्रोटॉनांवर धन विद्युतभार असतो, तर भोवतीच्या इलेक्ट्रॉनांवर ऋण. दोहोंची संख्या सारखी असल्याने बेरीज शून्य होते. दोन भिन्न पदार्थ एकमेकांना लागून विलग झाले की काही इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे जातात. घर्षणाने स्पर्श वाढतो, म्हणून परिणामही वाढतो.

प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांतून फिरवला की केसांतील इलेक्ट्रॉन कंगव्यावर येतात. देणाऱ्याच्या खाती जमा, घेणाऱ्याच्या नावे, हा पेढीचा नियम येथेही लागू पडतो. देणारे केस धनभारित होतात आणि घेणारा कंगवा शब्दशः ऋणी ठरतो. दोन्ही बाजूंचा ताळा मात्र तंतोतंत जुळतो. नवा भार निर्माण होत नाही आणि असलेला नाहीसा होत नाही. हा विचार अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४७ मध्ये मांडला. विद्युतभाराला धन आणि ऋण ही विशेषणेही त्यांनीच दिली.

साचलेली बाकी

धातूतून हा भार सहज वाहून जातो. प्लॅस्टिक, नायलॉन, पॉलिएस्टर यांवर मात्र तो जेथल्या तेथे राहतो. म्हणून ही विद्युत ‘स्थितिक’. पावसाळ्यात वस्तूंच्या पृष्ठभागावर ओलाव्याचा सूक्ष्म थर असतो व त्यातून भार निघून जातो. थंडीतील कोरड्या हवेत ती वाट बंद होते आणि बाकी साचत जाते. ती फार वाढली की मधली हवा टिकाव धरत नाही. दर सेंटिमीटरला सुमारे ३०,००० व्होल्ट इतका ताण आला की हवेतूनच भार उडी घेतो. हीच ठिणगी. आकाशातील वीज हे तिचेच विराट रूप होय.

शरीरावर काही हजार व्होल्ट साचले तरी भाराचे प्रमाण अत्यल्प असल्याने माणसाला सहसा इजा होत नाही. परंतु पेट्रोलची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळली असेल, तर ती पेटण्यास एका ज्यूलच्या हजाराव्या भागाचाही साधारण पाचवा हिस्सा पुरतो. बोटाला जाणवणाऱ्या ठिणगीत याहून अधिक ऊर्जा असू शकते.

घ्यावयाची काळजी

नळीतून वाहणारे पेट्रोलही भार घेऊन येते. डबा गाडीत किंवा प्लॅस्टिकच्या अस्तरावर ठेवून भरल्यास त्या भाराला जमिनीत जाण्याची वाट राहत नाही. म्हणून डबा जमिनीवर ठेवावा आणि नळीचे तोंड त्याच्या तोंडाला टेकवूनच तो भरावा. थिनर एका पिंपातून दुसऱ्यात ओतताना पिंपे धातूची असावीत आणि ती तारेने एकमेकांना व जमिनीला जोडावीत. प्लॅस्टिकच्या बादलीला तार जोडून उपयोग नाही, कारण तिच्यावरचा भार तारेपर्यंत पोहोचतच नाही. टँकर रिकामा करण्यापूर्वी प्रथम जमिनीची तार जोडतात, तीही याच कारणासाठी. गोदामात प्लॅस्टिकची वेष्टने सोडण्याचे काम अशा द्रव्यांपासून दूर करावे आणि नव्या नोकराला पहिल्याच दिवशी त्याचे कारण समजावून सांगावे.