गोठवणीचा काळ

संगणकाची मोठी आज्ञावली प्रसिद्ध होण्याची वेळ जवळ आली, की तिच्या कर्त्यांपुढे एक चमत्कारिक प्रश्न उभा राहतो. दोष तर अजून शिल्लक असतात. मग सापडेल तो प्रत्येक दोष दुरुस्त करावा काय? आयबीएम कंपनीच्या ‘ओएस/३६०’ या प्रचंड प्रणालीच्या उभारणीचे सूत्रधार फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे नमूद केले, की एक दोष काढताना दुसरा शिरण्याची शक्यता शेकडा २० ते ५० असते. जुना दोष निदान परिचित असतो. नव्याचा पत्ता उशिरा लागतो.

या अडचणीवरील उपाय म्हणजे ‘गोठवण’. इयान मर्डॉक यांनी १९९३ साली आरंभिलेल्या ‘डेबियन’ या स्वयंसेवकांच्या प्रकल्पात ती पायरीपायरीने होते. बाराव्या आवृत्तीच्या वेळी १२ जानेवारी २०२३ रोजी अनेक घटकांना एकाच वेळी हलविणारे बदल थांबले. १२ फेब्रुवारीपासून नव्या घटकांना दार बंद झाले आणि केवळ लहान, नेमक्या दुरुस्त्यांना वाव उरला. १२ मार्चला बंधने आणखी आवळली गेली. २४ मेनंतर तर प्रत्येक बदलास प्रकाशन-मंडळाची स्वतंत्र अनुमती लागू लागली. १० जून रोजी आवृत्ती प्रसिद्ध झाली.

अनुमती मागणाऱ्याला जुन्या व नव्या संहितेतील फरक सादर करावा लागतो. दोषामुळे माहिती नष्ट होते काय, सुरक्षिततेला धोका पोहोचतो काय, बदल किती ओळींचा आहे, त्याची पारख करण्यास अवधी उरला आहे काय, हे पाहून निर्णय होतो.

लहान बदल मात्र निरुपद्रवीच असतो, असे नाही. २००६ साली एका तपासणी-साधनाने दिलेला इशारा नाहीसा करण्याच्या हेतूने डेबियनमधील ‘ओपनएसएसएल’च्या दोन ओळी निष्क्रिय करण्यात आल्या. प्रकाशनाला त्या वेळी कित्येक महिने अवकाश होता. तरीही चूक कोणाच्या ध्यानी न येता एप्रिल २००७ च्या आवृत्तीत उतरली. मे २००८ मध्ये ती उघड झाली, तेव्हा असे दिसून आले, की एका प्रकारच्या व लांबीच्या गुप्त किल्ल्या एका जातीच्या यंत्रावर अवघ्या ३२,७६७ इतक्याच निपजू शकत होत्या. असंख्य किल्ल्या रद्द करून नव्याने घडवाव्या लागल्या.

उलटपक्षी, अतिसावधपणालाही किंमत पडते. जुलै २००२ नंतरची डेबियनची पुढील आवृत्ती थेट जून २००५ मध्ये आली. तोवर स्थिर आवृत्ती वापरणाऱ्यांना जुन्याच साधनांवर भागवावे लागले. म्हणून निर्दोषतेची वाट पाहत बसणे हा गोठवणीचा हेतू नव्हे. कोणता दोष आजच काढावयाचा आणि कोणता जाणूनबुजून पुढील आवृत्तीवर सोपवावयाचा, याचा विवेक करणे हाच तिचा गाभा होय.